मागचं इंजिन

मुंबईहून नाशिकला रेल्वेने गेला असाल तर कसाऱ्याला गाडी बराच वेळ उगाच थांबलेली तुम्हाला आठवत असेल. 'उगाच' हा आपला समज. तेवढ्या वेळात गाडीच्या शेपटाला मागून इंजिनं जोडतात. पुढे थळ घाट असतो. चढ १:३७ चा, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर. पुढच्या एकट्या इंजिनाला ते झेपत नाही, म्हणून मागून ढकलायला ही इंजिनं. रेल्वेवाले त्यांना 'बँकर' म्हणतात. इगतपुरी आलं की बँकर सोडतात आणि गाडी पुढे नाशिकला निघून जाते. बँकर परत खाली, पुढच्या गाडीला ढकलायला.

या घाटातून मी निदान पंधरा वेळा तरी गेलो असेन. पण बँकर पहिल्यांदा नीट पाहिले ते यंदाच्या ऑगस्टमध्ये. शेवटच्या डब्यात जागा मिळाली होती आणि कसाऱ्याला चहा प्यायला खाली उतरलो होतो, म्हणून. इगतपुरीला मी पुढचे अकरा दिवस घंटा वाजवायला चाललो होतो.

गंमत नाही, खरंच. धम्मगिरीला विपश्यनेच्या शिबिरात धम्मसेवक म्हणून.

ऑफिसात सुट्टी मागितली तेव्हा मॅनेजर म्हणाला, "परत विपश्यना? तू तर दोन वर्षांपूर्वी करून आलास ना?"

"यावेळी बसायला नाही. सेवा द्यायला."

"म्हणजे नक्की डिलिव्हरेबल काय?"

मी म्हटलं, "घंटा." त्याला वाटलं मी चिडून बोललो!

खरं तर माझा मूळ प्लॅन वेगळाच होता. बरीच वर्षं एक कादंबरी डोक्यात आहे (हसू नका, प्रत्येक सॉफ्टवेअरवाल्याच्या डोक्यात एक कादंबरी किंवा एक कॅफे असतोच). अलीकडे खेडेगावात, डोंगराच्या कुशीत अशा बऱ्याच जागा निघाल्यात जिथे तुम्ही रोज चार-पाच तास शेतात नाहीतर स्वयंपाकघरात काम करायचं, त्या बदल्यात राहणं-जेवण मिळतं आणि उरलेला वेळ तुमचा. लिहा, चित्रं काढा, गा. याला 'रेसिडेन्सी' म्हणतात. काही ठिकाणी तर कामही करावं लागत नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये मॅकडॉवेल म्हणून १९०७ साली सुरू झालेली अशी जागा आहे. तिथे लेखक-कलावंतांना झाडीत एकेक झोपडी देतात आणि दुपारचं जेवण टोपलीत घालून दाराशी ठेवून जातात. दारही वाजवत नाहीत, हो! का, तर आत बसलेल्याची तंद्री मोडायला नको. हे वाचल्यापासून ती टोपली माझ्या मनात बसली होती. आपलीही एक झोपडी असावी, आपल्याही दाराशी टोपली यावी वगैरे वगैरे.

एका ठिकाणी अर्ज करायला बसलो. लिखाणाचा नमुना मागितला होता, दहा पानं. माझ्याकडे चार होती. त्यातलं एक अर्पणपत्रिकेचं.

असो. तर सुट्टी मंजूर झालेली होती, पानं नव्हती, म्हणून मग सेवेचा फॉर्म भरला. तिथे नमुना मागत नाहीत. आधी दहा दिवसांचं एक शिबिर पूर्ण केलेलं असलं की झालं.

विपश्यनेबद्दल बहुतेकांनी ऐकलेलं असतं, म्हणून थोडक्यातच सांगतो. सत्यनारायण गोयंका हे मूळचे बर्मातले मारवाडी उद्योजक. मायग्रेनने हैराण झाले होते. १९५५ मध्ये ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकायला गेले. हे ऊ बा खिन कोण? स्वतंत्र बर्माचे पहिले अकाउंटंट जनरल! म्हणजे सरकारी हिशेब बघणारा माणूस. मला ही गोष्ट फार आवडते. दाढीवाला साधू वगैरे कुणी नाही, दोघंही आपल्यासारखे नोकरी-धंदेवाले. गोयंका १९६९ मध्ये भारतात आले आणि पहिलं शिबिर मुंबईत घेतलं. इगतपुरीच्या केंद्रात १९७६ पासून शिबिरं होतात. २०१३ मध्ये ते गेले, पण शिबिरं अजून त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात चालतात.

फी काहीच नाही. दान घेतात, पण फक्त ज्याने शिबिर पूर्ण केलंय त्याचंच. बाहेरच्या श्रीमंत माणसाने चेक धरला तरी नाही. म्हणजे गणित असं की तुमच्या ताटातली खिचडी आधी येऊन गेलेल्या कुणा अनोळखी माणसाने भरून ठेवलेली असते आणि तुम्ही द्याल ती तुमच्यानंतर येणाऱ्या अनोळखी माणसाची. तुमची पावती तुम्हाला कधीच फाडता येत नाही. आधी मला वाटायचं, हे 'फुकट' आहे. आता वाटतं, प्रीपेड आहे, फक्त रिचार्ज दुसऱ्याने मारलेला आहे. सेवकालाही पैसे मिळत नाहीत.

*

पहिल्याच दिवशी मी माझी इंजिनियरगिरी दाखवली. हॉलमधल्या बैठकांचे नंबर, खोल्यांचे नंबर, कुणाला खुर्ची लागते, कुणाची औषधं, हे सगळं वेगवेगळ्या रजिस्टरांत लिहिलेलं. मी आमच्या टीम लीडला म्हटलं, "याची एक शीट करून देऊ का? एका तासाचं काम आहे." टीम लीड म्हणजे सेवकांतले सर्वांत सिनिअर, पासष्टीचे, नागपूरकडचे. त्यांनी मान वर न करता विचारलं, "रजिस्टरनं काही अडलं आहे का?"

"अडलं नाही, पण.."

"मग घंटा घ्या."

आणि माझ्या हातात घंटा आली.

दिनक्रम असा. पहाटे ४ ला उठवायची घंटा, ४:३० ते ६:३० ध्यान, मग नाश्ता. ८ ते ९ सामूहिक साधना, ११ ला जेवण. १ पासून परत ध्यान, २:३० ते ३:३० सामूहिक, ५ ला चहा, ६ ते ७ सामूहिक, ७ ला प्रवचन. ९:३० ला दिवे बंद. यातल्या तीन सामूहिक साधनांना सेवकानेही बसायचं असतं. बाकी वेळ घंटा, हॉलमधल्या गाद्या सरळ करणं, कुणाला गरम पाणी, कुणाला जादा पांघरूण, आणि ८, २:३०, ६ वाजता कोण आलेलं नाही ते बघून खोलीपर्यंत जाऊन आणणं. साधकांचं दहाव्या दिवसापर्यंत मौन. नजरेला नजरही भिडवायची नाही. बोलता येतं फक्त सहायक आचार्यांशी, आणि काही अडचण असेल तर सेवकाशी. म्हणजे शेकड्यांनी गप्प माणसं आणि त्यांच्यात आम्ही मोजके बोलते.

ऑगस्टातली इगतपुरी म्हणजे काय ते सांगायला नको. पहाटे ३:४० ला गजर लावून उठायचं, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात घंटा, आणि धुक्यात समोरची खोली दिसत नाही. निवासांच्या रांगांमधून घंटा वाजवत फिरायचं. परत ४:२० ला दुसरी फेरी, जे पहिल्या फेरीनंतर परत आडवे झालेत त्यांच्यासाठी. मी आयुष्यात कॉलेजच्या परीक्षेलासुद्धा चारला उठलेलो नाही. आणि आता चारशे उशांवरच्या शिव्या मनातल्या मनात ऐकत मी लोकांना उठवत होतो.

वही नेली होती. कादंबरीसाठी. ती बॅगेतून बाहेर आली नाही. साडेनऊला उशीला डोकं टेकलं की संपलं.

*

आता मुद्द्याचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका काकांनी मला थांबवलं. साठीच्या आसपासचे, पांढरा लेंगा-सदरा, रापलेला चेहरा. म्हणाले, "साहेब, गुडघं दुखत्यात."

मला बरंच वाटलं. प्रॉब्लेम आला! दहा मिनिटांत मी त्यांना दोन जादा उशा दिल्या, मांडीखाली घडी कशी घालायची ते दाखवलं, गरम पाण्याची पिशवी आणली, आणि आचार्यांना विचारून खुर्ची मिळेल हेही सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले.

संध्याकाळी बघतो तर उशा तशाच बाजूला ठेवलेल्या. काका खाली बसलेले.

चौथ्या दिवशी परत थांबवलं. "झोप येत न्हाई." मी परत सुरू. दुपारी झोपू नका, रात्री पाणी कमी प्या, खोली बदलून हवी का? "बरं," म्हणाले. आणि जाता जाता म्हणाले, "तुमची घंटा घाईत वाजतीय. टोला पुरा होऊ द्यावा, मग दुसरा मारावा. मी एश्टीत कंडक्टर व्हतो. बत्तीस वर्षं."

सहाव्या दिवशी पहाटे साडेचारला त्यांच्या खोलीबाहेर बॅग भरून ठेवलेली होती. काका पायरीवर बसलेले. म्हणाले, "मला घरी जायचंय."

शिबिर अर्ध्यात सोडू देत नाहीत असं लोक म्हणतात. तसं नाही, पण आधी आचार्यांशी बोलायला लावतात आणि राहायचा आग्रह करतात, हे खरं. मी धावत आमच्या टीम लीडकडे गेलो. वाटेत माझ्या डोक्यात मुद्दे तयार होते. एक, अर्धी वाट झालीच आहे. दोन, सहावा दिवस बऱ्याच जणांना जड जातो. तीन, घरी फोन करून निरोप घेता येईल. टीम लीडनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "काही सांगू नका त्यांना. आचार्यांकडे घेऊन जा. वाटेत ते काही बोलले तर ऐका. विचारलं नाही तर उत्तर देऊ नका."

"आणि विचारलं तर?"

"तरी देऊ नका. तुम्हाला येत नाही त्यांचं उत्तर."

थोडा राग आला, खोटं कशाला बोलू.

छत्री एकच होती. निवासापासून आचार्यांच्या खोलीपर्यंत पाच-सात मिनिटांचा रस्ता, पण पाऊस इतका की आम्ही एका पत्र्याखाली अडकलो. आणि काका बोलायला लागले. गुडघ्याबद्दल नाही, झोपेबद्दलही नाही. पहिल्या मुक्कामी गाडीबद्दल. पहाटे पाचला सुटायची म्हणून साडेतीनला उठायची सवय. रिटायर झाल्यावरही डोळे साडेतीनलाच उघडतात. आधी बायको तेव्हा चहा करायची. दोघं अंधारात बसून चहा प्यायचे, बोलायचे नाहीत फारसे. ती गेली दोन वर्षांपूर्वी. आता साडेतीनला डोळे उघडतात आणि उजाडेपर्यंत तसेच पडून राहतात. इथे तुमच्या घंटेच्या आधीच मी जागा असतो, म्हणाले. पहिल्या दिवशी घंटा ऐकली तेव्हा वाटलं गाडी लागली.

मी तोंड उघडलं. अगदी सवयीने. काय सांगणार होतो तेही आठवतं. सकाळी फिरायला जायचं, ज्येष्ठ नागरिक संघ असतो, मुलाने मोबाईलवर भजनं लावून द्यावीत.. आणि तोंड मिटलं. कारण त्या क्षणी मला स्वतःचाच आवाज ऐकू आला, आणि तो मी इगतपुरीत नाही तर फोनवर ऐकलेला होता.

माझे बाबा तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले. आई-बाबा गावी, मी ठाण्याला. पहिल्या वर्षी बाबा रोज रात्री फोन करायचे. बँकेचं केवायसी अडलंय, शेजाऱ्याने बांध कोरलाय, रात्री छातीत जळजळतं. मी पटापट सोडवायचो. केवायसी ऑनलाईन करून दिलं. बांधासाठी मोजणीचा अर्ज कुठे करायचा ते सांगितलं. औषधांची शीट केली, वेळ झाली की फोन वाजेल अशी सोय केली. प्रत्येक फोनला मी एक तिकीट समजायचो आणि ते बंद करून टाकायचो. खरं सांगतो, मला अभिमान होता त्याचा. मित्रांना सांगायचो, बाबांचं सगळं मी इथून बघतो.

हळूहळू फोन कमी झाले. आठवड्याला एक. मग रविवारचा एक, तोही दीड-दोन मिनिटांचा. "काय म्हणता बाबा?" "काही नाही. सगळं ठीक." "बरं. ठेवतो." मला वाटायचं, चला, सगळे प्रश्न सुटले.

पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि काका बोलत होते. मी फक्त 'हं' म्हणत होतो. किती अवघड आहे ते सांगू! अधिष्ठानाच्या बैठकीत तासभर मांडी न हलवण्यापेक्षा अवघड. प्रत्येक वाक्यानंतर एक उपाय घशापर्यंत यायचा आणि मी तो गिळायचो. पाऊस थोडा कमी झाला तेव्हा काका उठले, म्हणाले, "चला, गुरुजी वाट बघत असतील."

*

इथे तुम्हाला वाटत असेल की मग काका राहिले, दहाव्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं आणि त्यांनी मला मिठी मारली. नाही. आचार्यांशी बोलून ते एक दिवस राहिले आणि सातव्या दिवशी जेवण झाल्यावर गेले. मी त्यांची बॅग गेटपर्यंत नेली. पाऊस थांबला होता. रिक्षात बसताना म्हणाले, "आज सकाळची घंटा बरी व्हती." बस्स, एवढंच.

मला वाईट वाटलं. म्हणजे माझ्या हिशेबात ही फेल गेलेली केस. रात्री ९ वाजता सेवक आचार्यांबरोबर थोडा वेळ बसतात, ते झाल्यावर मी टीम लीडना म्हटलं, "काही उपयोग झाला नाही."

ते म्हणाले, "कुणाला?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनीही दिलं नाही. आपलाच नियम पाळत असावेत.

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री झाल्यावर मौन सुटतं. शेकडो माणसं एकदम बोलायला लागतात, तो आवाज एकदा ऐकावाच. धरणाचे दरवाजे उघडल्यासारखा. सगळे एकमेकांना नाव-गाव विचारतात, फोन नंबर घेतात, रडतात, हसतात. आम्ही सेवक वाढपाच्या टेबलाशी. एक पोरगा, बहुतेक आपल्याच लाईनमधला, मला म्हणाला, "तो पहाटे घंटा वाजवणारा कोण होता यार? पहिल्या दिवशी त्याला मारायला उठणार होतो." मी म्हटलं, "बघतो कोण होता ते."

अकराव्या दिवशी सकाळी साडेसातच्या सुमाराला शिबिर संपलं. साधक गेले. आम्ही गाद्यांच्या खोळी काढल्या, उशा मोजल्या, खोल्या झाडल्या. काकांच्या खोलीत त्या दोन जादा उशा कपाटात घडी घातल्यासारख्या नीट ठेवलेल्या होत्या, एकमेकींवर.

दुपारी स्टेशनवर येऊन मुंबईकडच्या गाडीची वाट बघत होतो. पलीकडच्या फलाटावर घाट चढून एक गाडी आली. गाडी थांबल्यावर मागची इंजिनं सुटली. डब्यातल्या एकाही माणसाने मागे वळून पाहिलं नाही, आणि का पाहावं? त्यांना नाशिकला जायचं होतं, कुणाला भुसावळला. मी पण पंधरा वेळा पाहिलं नव्हतंच की.

एक गोष्ट मात्र डोक्यात आली ती सांगून टाकतो. बँकर गाडीला घाट चढवतो, पण गाडी कुठे जाणार हे तो ठरवत नाही. ते पुढच्या इंजिनाचं काम. मी आजवर ज्याला ज्याला मदत केली, बाबांपासून टीममधल्या नव्या पोरांपर्यंत, त्या प्रत्येकाच्या पुढे जाऊन लागलो होतो. मदत म्हणजे पुढे लागायचं, एवढंच मला माहीत होतं.

*

फोन परत हातात आला तेव्हा त्यात तीनशे बारा मेसेज होते. ते तसेच ठेवून घरी फोन लावला. रविवारही नव्हता.

"काय रे? बरा आहेस ना?" बाबांचा पहिला प्रश्न.

"बरा आहे. सहज केला."

थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "काही नाही, आपल्या विहिरीची मोटर परत जळली."

जीभ वळवळली. व्होल्टेज कमी-जास्त होतं, स्टार्टर बदलायला हवा, मी ऑर्डर करून देतो, उद्या पोचेल. मी म्हटलं, "हं."

बाबा थांबले. बहुतेक उत्तराची वाट बघत असावेत. उत्तर आलं नाही म्हणून पुढे बोलले. मोटर जळली म्हणून वायरमनला बोलावलं. वायरमन म्हणजे त्यांच्या शाळेतल्या मित्राचा मुलगा. त्या मित्राबरोबर लहानपणी याच विहिरीत पोहायला शिकले होते. पाठीला सुका भोपळा बांधून. आजोबांनी वरून ढकललं होतं म्हणे. हे मला अठ्ठावीस वर्षांत कधी माहीत नव्हतं.

गाडी आली, मी चढलो, घाट सुरू झाला. बोगद्यात रेंज जायची, आवाज तुटायचा, बोगदा संपला की बाबा परत तिथूनच सुरू. कसारा येईपर्यंत बोलत होते. शेवटी म्हणाले, "बरं, ठेवतो. बिल वाढेल तुझं."

हल्ली बिल वाढत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मोटरचं काय झालं ते मला अजून माहीत नाही. येत्या रविवारी विचारणार आहे. कादंबरी चार पानांवरच आहे, अर्पणपत्रिकेसकट. आणि सोमवारपासून परत नवा रिलीज..